सातवी शिक्षा

मी खुर्ची बोलतेय. लाल प्लास्टिकची, मागच्या एका पायाला तार गुंडाळलेली. मी घाबरट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी हसायला नको.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. साच्यातली भाजणारी उष्णता तेवढी आठवते. शुद्धीवर आले तेव्हा अनसिंग गावात, मांडव-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या भाऊसिंगच्या बिछायत केंद्रात होते, एकीवर एक रचलेल्या बहिणींच्या अगदी तळाशी. लग्न, बारसं, तेरवी, जयंतीची सभा, सगळीकडे फिरले. माणसं तशी बरी असतात, पण खुर्चीवर सरळ बसणं त्यांना जमत नाही. जेवण झालं की दात कोरत मागच्या दोन पायांवर झुलतात. अशाच एका आडदांड व्याह्याने साखरपुड्यात मला झुलवलं आणि माझा पाय तडकला. पडला तो, हसले लोक, आणि शिव्या खाल्ल्या मी! तेव्हापासून कोणी माझ्याकडे पाठ करून वाकलं की मी जीव मुठीत धरून उभी असते.

भाऊसिंगने पायाला तार आवळली. पण पाहुण्यांसमोर मांडण्यासारखी मी राहिले नव्हते. एक दिवस त्याने मला आपल्या पुतणीच्या हवाली केलं. "ने व अंजू, तुमच्या त्या चाकाच्या खेळाले खुर्ची लागते म्हंते ना!"

तो खेळ म्हणजे रोलर डर्बी. शाळेमागच्या सिमेंटच्या मैदानावर अंडाकृती वाट आखलेली असते आणि मुली चाकांचे बूट घालून तिच्यावर फिरतात. दोन्ही संघांची एकेक मुलगी हेल्मेटवर चांदणी लावते. विरुद्ध संघातल्या जितक्या मुलींना ती ओलांडून जाईल तितके गुण. बाकीच्यांनी तिला अंगाने अडवायचं. सुगीच्या दिवसांत याच सिमेंटवर गाव सोयाबीन वाळवतं, म्हणून खेळायच्या आधी पोरी झाडू घेतात. एखादा दाणा राहिला तरी चाक अडतं आणि पोरगी आडवी होते. मला तर त्या दाण्यांचीही धास्ती वाटायची.

चूक केली की माझ्यावर येऊन अर्धं मिनिट बसायचं, आणि तेवढा वेळ आपल्या संघाने एक मुलगी कमी घेऊन खेळायचं. एका सामन्यात एकीच्या सात चुका झाल्या की ती बाद. हे मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. पण पाठ होणं वेगळं आणि कळणं वेगळं.

माझ्यावर सगळ्यांत जास्त कोण बसत असेल तर धम्मदीपा. ती आणि अंजू लहानपणापासून कबड्डी खेळलेल्या. चढाई करणारी आत आली की दोघी एकमेकींचं मनगट धरून साखळी करायच्या आणि तिला घेरायच्या. गावात या जोडीचं नाव होतं. डर्बीत मात्र हात धरून वाट अडवली की शिट्टी! धम्मदीपाला ते काही केल्या पटत नव्हतं.

"मॅडम, धक्का देल्ला तं चालते, मंग हात धरला तं काहून नाई चालत?" तिने एकदा माझ्यावर बसूनच विचारलं.

खेळ शिकवणाऱ्या पौर्णिमा मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "कबड्डीत पायाखाली माती असते बाई. इथं चाकं हायेत. जोरात आलेली पोरगी तुमच्या हातावर आपटली तं तिचा तरी हात मोडन नाई तं तुमचा. अन् साखळीतली एक पडली का दुसरीले घेऊनच पडते."

धम्मदीपाने मान डोलावली. पण तिची बोटं माझ्या कडेला अशी आवळलेली होती की मी ओळखलं, हे हातांपर्यंत पोचलेलं नाही.

मग जिल्ह्याचा शेवटचा सामना आला. समोर कारंज्याचा संघ. जिंकणारे अमरावतीला विभागाच्या सामन्यांना जाणार होते. धम्मदीपाने तर आईची बॅग आधीच धुऊन वाळत घातली होती, अन् मैत्रिणी तिला त्यावरून चिडवत होत्या. मला हसू येत नव्हतं.

ती आली. उठून गेली. पुन्हा आली. एकदा कोपर लागलं म्हणून, बाकी बहुतेक वेळा साखळी. सहाव्यांदा बसली तेव्हा तिच्या छातीची धडधड माझ्या पाठीला जाणवत होती. पाणीसुद्धा तिने घेतलं नाही. उठताना माझ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आता नाई येत व मी तुयाकडं."

नको येऊस, माझे बाई! खुर्चीने कोणी बसू नये म्हणून देव पाण्यात घालावेत, असं माझ्या जातीत कधी ऐकलं नव्हतं. मी घातले.

आम्ही एका गुणाने पुढे होतो. कारंज्याची चांदणीवाली वाऱ्यासारखी आली आणि तिने अंजूला खांद्याने ढकललं. अंजूचे पाय सुटले, हात हवेत गेले. आणि धम्मदीपाचा हात निघाला. मी ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे? तिने अंजूचं मनगट पकडलं. दोघींच्या मधून निसटू पाहणारी चांदणीवाली त्या दोन हातांवर आदळून सिमेंटवर घसरत गेली. शिट्टी वाजली. ती पोरगी मनगट दाबत उठली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

खेळाची ती फेरी तिथेच संपली. आता एकच उरली होती. मी धम्मदीपाची वाट पाहू लागले. मला वाटायचं, सातवी चूक म्हणजे सामना संपेपर्यंत माझ्यावर बसून राहायचं. पण ती आलीच नाही. पंचांनी तिला मैदानाभोवतीच्या दोरीबाहेर पाठवलं. तिची शिक्षा तिच्या संघातल्या दुसरीने भोगायची, असा नियम निघाला. मॅडमनी अंजूला पाठवलं.

अंजू बसली. दोरीपलीकडे, माझ्या अगदी मागे, धम्मदीपा उभी होती.

"काहून धरला माहा हात?" अंजूने मान न वळवता विचारलं.

"तू पडाले लागली होती ना व."

"मंग पडू द्याचं होतं. मी उठली असती."

धम्मदीपाने दोरी मुठीत धरली.

वेळ संपली, अंजू सुटली, आणि पहिल्याच वळणावर तिला धक्का बसला. ती पालथी पडली. धम्मदीपा दोरीवर अर्धी वाकली. मग तिने स्वतःचेच दोन्ही दंड घट्ट धरले आणि तशीच उभी राहिली. अंजू गुडघ्यावर आली. एक चाक घसरलं. पुन्हा टेकली. उठली.

एक मुलगी कमी असलेल्या त्या फेरीत कारंज्याने गुण काढले आणि सामना आम्ही हरलो. अमरावतीला कारंज्याच्या पोरी गेल्या.

आता मी खेळाच्या खोलीत असते, जाळीच्या खिडकीपाशी. बाहेर सराव चालू असतो आणि शिट्टी वाजली की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. माझं एकच मागणं आहे. आपलं माणूस पडताना दिसलं तर घाबरू नका, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? घाबरा. पण हात पुढे करण्याआधी श्वासभर थांबा, आणि ते उठतंय का बघा.