न धुतलेलं इंजिन

बिदरकडच्या राजेश्वर गावात भगवानरावांचं बियाणं-औषधांचं दुकान होतं, तेव्हा त्यांच्याकडून फवारणीचा डबा विकत घेणं सोपं नव्हतं. डब्यावरची बारीक अक्षरं ते गिऱ्हाइकाला आधी वाचून दाखवत. हातमोजे घाला, वाऱ्याला पाठ करा, रिकामा डबा विहिरीपाशी टाकू नका. घाईतल्या माणसाला ही शिक्षाच वाटे. पण भगवानराव खोटं बोलत नाहीत, हे त्यांना कंटाळलेली माणसंही मान्य करत.

आता दुकान बंद झालं होतं आणि डोळ्यांना काचबिंदू झाला होता. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. अकरा वर्षांची पांढरी डिझेल गाडी. बिदरहून नवी आणली त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाचा हात तिच्या स्टिअरिंगला लागला नव्हता. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "भंगारात देऊन टाका." भगवानरावांनी फोन ठेवून दिला. पैसा कमी आला तरी चालेल, पण गाडी जीव लावणाऱ्या घरात जावी, एवढीच त्यांची इच्छा होती. लेक उजवून झाली होती, तिच्या वेळीही त्यांनी एवढी काळजी केली नव्हती, असं त्यांच्या बायकोचं, नागूबाईचं मत होतं.

शनिवारी हळ्ळीखेडचे शिवशंकरप्पा गाडी बघायला येणार होते. तुरीचे व्यापारी, टापटिपीचा माणूस. म्हणून शुक्रवारी सकाळी भगवानरावांनी गाडी लिंबाच्या सावलीत घेतली आणि बॉनेट उघडून इंजिन पूर्ण गार होईपर्यंत खुर्ची टाकून बसून राहिले. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, हवा आत घ्यायची नळी, सगळ्यांवर बियाण्याच्या प्लास्टिक पिशव्या चढवून वरून चिकटपट्टी मारली. आधी कोरड्या ब्रशनं धूळ काढली. शेजाऱ्यानं रॉकेल देऊ केलं, ते त्यांनी परत पाठवलं. तेलकट डाग काढायचं औषध हातमोजे घालून फवारलं, दहा मिनिटं थांबले, आणि पाइपाला हात न लावता कपडे इस्त्री करताना फवारा मारतात त्या बाटलीनं हलकं पाणी मारून फडक्यानं पुसत गेले.

नागूबाई चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून उभी राहिली.

"कुंकू बी पुसायलाव?"

एअर फिल्टरच्या डब्यावर अकरा खंडेनवमींच्या पूजेचं हळद-कुंकू होतं. दरवर्षीची बोटं मागल्या वर्षीच्या बोटांवर, वरून तेल, वरून धूळ.

"ते कुंकू ऱ्हायलं न्हाई आता. वंगण झालंय त्याचं."

"भरल्या घरात कुंकू पुसू न्हाई," एवढंच बोलून ती चहासकट आत गेली. दुपारपर्यंत इंजिन असं लखलखलं की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. वाळल्यावर पिशव्या काढल्या, वायर जोडली, एका चावीत गाडी सुरू झाली. भगवानरावांना फार दिवसांनी मनापासून बरं वाटलं.

शनिवारी शिवशंकरप्पांनी बॉनेट उघडलं. बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"अण्णा, गाडी हैदराबादेतून आणलाव का?"

"न्हाई. बिदरला नवी घेतली. पहिल्यापासून माझीच हाय."

"मग कुंकू कुठाय? अकरा दसरे झाले म्हनता, अन् एक बोट न्हाई. पुरात बुडालेल्या गाड्या अशाच धुऊन आणतेत."

"कालच धुतलं मी."

"तेच इचारायलोय. कामून धुतलं?"

या प्रश्नाचं भगवानरावांपाशी अर्ध्या तासाचं उत्तर होतं. ते त्यांनी निगेटिव्ह वायरीपासून सुरू केलं. पिशव्या, चिकटपट्टी, औषध, दहा मिनिटं. एकही पायरी गाळली नाही. ते जसजसे खुलासा करत गेले तसतसा शिवशंकरप्पांचा संशय पक्का होत गेला. इतक्या निगुतीनं धुणारा माणूस काहीतरी मोठंच लपवत असणार. "कळवतो," म्हणून ते गेले, आणि त्यांनी खरोखरच कळवलं, फक्त भगवानरावांना सोडून बाकी सगळ्यांना. पुढच्या आठवड्यात येणारी दोन गिऱ्हाइकं आलीच नाहीत. भंगारवाल्याचा मात्र फोन आला. न धुतलेल्या-धुतलेल्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

भगवानरावांनी दोन दिवस जेवणात लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी नागूबाई वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत कुंकू, हळद, गोडं तेल आणि तव्यामागची काजळी कालवलेली होती.

"बॉनेट उघडा."

"काय करायलीस?"

"अकरा वर्षांचं एका दुपारी पुसलाव. एका दुपारी लावू."

तिनं एकावर एक बोटं ओढली, मध्ये मध्ये थांबून फुंकर मारली. मग पिठाच्या चाळणीनं रस्त्याची तांबडी माती साऱ्या इंजिनावर चाळली, होळीच्या पुरणाला घेत नसेल इतक्या मायेनं. भगवानराव शेजारी उभं राहून, फ्यूजच्या डब्यात माती जाऊ देऊ नको, एवढंच सांगत राहिले. आपण फसवणुकीतही सावधगिरी पाळतोय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

रविवारी जनवाड्याचा व्यंकट आला. शेतकरी, चाळिशीचा, हळू बोलणारा. आईचे गुडघे गेलेत, तिला दर आठवड्याला बिदरला न्यावं लागतं, म्हणून गाडी हवी होती. त्यानं दार आपटलं नाही, हातानं दाबून लावलं. तेवढ्यावरच भगवानरावांचा जीव त्याच्यावर जडला. गाडी जाईल तर इथंच जाईल, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं. व्यंकटनं हायवेपर्यंत एक फेरी मारून आणली, बॉनेट उघडलं, आणि कुंकवाची ती पुटं पाहून आधी हात जोडले.

"काका, एक खरं सांगा. इंजिन कधी धुतलं-बिधलं न्हाई ना? हळ्ळीखेडात कायबाय ऐकलो."

नागूबाई दारात उभी होती. भगवानरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

"न्हाई. पाण्याचा थेंब लागू दिला न्हाई मी."

"तुमच्या तोंडाकडं बघूनच कळतंय," व्यंकट म्हणाला. अर्ध्या तासात व्यवहार उरकला, पेढे झाले, नागूबाईनं स्टिअरिंगला हळद-कुंकू लावलं. व्यंकट दोघांच्या पाया पडून गाडीत बसला आणि काच खाली करून मोकळेपणी बोलला.

"आता हायवेवर त्या पाणी मारायच्या ठिकाणी लावतो. आईला चकाचक दाखवायची हाय. इंजिन बी मारून घेतो परेशरनं. लई माती बसलीय आत."

गाडी नुकतीच फेरी मारून आली होती. इंजिन तापलेलं, वर गार पाण्याचा मारा, आणि फ्यूजच्या डब्यावर पिशवी कोण बांधणार? भगवानराव खिडकीपाशी धावले.

"आज नको. थंड होऊ दे आधी. बॅटरीची निगेटिव्ह काढ. अल्टरनेटरला पिशवी बांध, फ्यूजला बी. परेशर न्हाई, बाटलीनं हळू मार. दहा मिनिटं..."

व्यंकट हसायला लागला. चेष्टा म्हणून नव्हे, वडीलधाऱ्या माणसाला हसतात तसं.

"काका, जन्मात कधी धुतलं न्हाई अन् मला धुवायचं शिकवायलाव? ती पोरं रोज पन्नास गाड्या धुतेत. त्यांना कळतंय सगळं."

त्यानं गिअर टाकला. गाडी फाटकातून वळून हायवेच्या बाजूला लागली.

"मी धुतलंय रे," भगवानराव म्हणाले. "खरंच धुतलंय मी."

तोवर काच वर गेली होती. ऐकायला फक्त नागूबाई होती.