गिरणी सुटल्यावर

काशिराम पनवेलच्या भातगिरणीत एकतीस वर्षं राबला. यंत्र चालू असलं की तिथं माणसं हातवारे करूनच बोलायची. गिरणीला लागूनच त्याची खोली, त्यामुळे घरातही रात्रंदिवस तीच घरघर आणि बायकोशीही तेच हातवारे. आवाज थांबला की समजायचं, पट्टा तुटला, नाहीतर कुणाचा हात अडकला.

एक्क्याण्णव साली मालकाने ती जागा इमारतीला दिली. भामाला तुसाच्या धुळीने खोकला धरला होता, म्हणून दोघं नेऱ्याला तिच्या भावाच्या रिकाम्या घरात राहायला गेली. पाठीशी डोंगर, शेजार दोन शेतं पलीकडे. महिन्याभरात भामाचा खोकला निम्म्यावर आला.

काशिरामचं मात्र त्या शांततेत बिनसलं. जेवता जेवता तो ताडकन उठायचा आणि काय बंद पडलं ते बघायला अंगणात धावायचा. बंद पडण्यासारखं तिथं काही नव्हतंच. मग कानात आपलंच रक्त धडधडताना ऐकू यायचं नि घास खाली उतरायचा नाही.

शेवटी एके सकाळी तो म्हणाला, “कळंबोलीला ट्रकच्या गॅरेजवर राखणदार पायजे. खोली देतात. न्हावा शेवा बंदराच्या गाड्या दिवसभर घरघरतात तिथं.”

“मंग जावा की. मी कुठं बांधून ठेवलंय?”

“आन तू?”

“येते मागनं, भांडी आवरून.”

अकराची एसटी होती. पिशवी भरून काशिराम ओट्यावर बसला. चार हातांवर भामा पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. गिरणीपाशी राहून तिला एक सवय जडली होती. नवरा जवळ असला तरी मनातलं मोठ्यानं बोलायचं. ते घरघरीत बुडून जायचं.

“चालला म्हातारा,” ती कोंबड्यांना सांगू लागली. “धूर खायला चालला. मी बी जाणार, न जाऊन करते काय? हितं रातची आडवी झोपते मी, किती वर्सांनी. तिथं परत खोकत उशी उभी करून बसायचं. पन त्याच्या ताटात वाढल्याबिगर मला जेवन जात नाय, त्याला काय करू?”

काशिराम हलला नाही. एवढी सलग तिची वाक्यं त्याने लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती. आवाज थोडा घोगरा होता, शेवटाला वर चढणारा. चांगला होता.

“मी रातपाळीला असलो की उशी उभी करून बसायचीस?” त्याने विचारलं.

भामाच्या हातातलं सूप थांबलं. “आयकलंत तुमी?”

“आयकलं की. म्हातारा म्हनालीस.”

“मेल्या कोंबड्या,” ती पुटपुटली. तिचे कान लाल झाले होते.

“एकतीस वर्सं असंच बोलत आलीस मला?”

“यापरीस वाईट. मुकादमासारख्या शिव्या दिल्यात.”

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. काशिरामने पिशवी उचलून घरात नेऊन ठेवली आणि येऊन तिच्या शेजारी, सुपाजवळ बसला.

“गाडी आली ना,” भामा म्हणाली.

“जाऊ दे. शिव्या सांग. पैल्या वर्सापासनं.”