काळ्या बॉनेटवरचे ओरखडे

काळी गाडी पॉलिशच्या दुकानात शिरली आणि तिच्यातून दाजी उतरला, तसा धाकटीने तोंडावरचा मास्क आणखी वर ओढला.

दाजी म्हणजे तिच्या ताईचा नवरा. आताचा नव्हे, पूर्वीचा. आजारपणात ताईच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, ओठ वाकडा झाला. "चारचौघांत तुला नेलं की मला मान खाली घालावी लागते," असं तिला तोंडावर सुनावून हा गृहस्थ घर सोडून गेला. तेव्हापासून ताई घरातल्या घरातसुद्धा तोंडावर हात धरून हसायची.

"आरशासारखी चकाचक पाहिजे," त्याने मालकीणबाईंना बजावलं. "उद्या नव्या सासऱ्यांकडे जायचंय. नजर फार बारीक आहे त्यांची."

"ही पोरगी करेल. तिच्या हाताला तोड नाही," मालकीणबाई म्हणाल्या. दाजीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

धाकटीने गाडी धुऊन पुसली आणि पॉलिशचं मशीन हातात घेतलं. दारं तिने रोजच्यासारखीच केली. एक दार झालं की मशीन थांबवायचं, पॅडमध्ये मुरलेलं पॉलिश आणि मळ ब्रशने खरवडायचा, हवेच्या नळीने पॅड मोकळं करायचं, मगच पुढचं दार. आळस केला तर तोच मळ रंगावर घासला जातो. हात चालत होते, पण डोकं तापत चाललं होतं.

बॉनेटपाशी आल्यावर तिने ब्रश उचलला आणि परत ठेवून दिला. पॅड सुटं केलं, दाराजवळच्या रेतीत पालथं टाकलं आणि बुटाखाली दाबून चांगलं फिरवलं. झटकलंसुद्धा नाही. तसंच मशीनला चढवून तिने अख्खं बॉनेट घासून काढलं, वरून तेलकट पॉलिशचा जाड हात फिरवला. दुकानाच्या सावलीत ओरखडे बेमालूम बुजले.

संध्याकाळी दाजीने बॉनेटमध्ये वाकून बघत केस सारखे केले आणि खुशीत गाडी नेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो लालबुंद होऊन परत आला.

"सकाळी नुसती धुतली, तर ही अशी! सासऱ्यांच्या दारात उन्हात उभी केली. सगळ्यांसमोर म्हणतात, 'भंगारातून उचललीत की काय, जावईबापू?' लोक फिदीफिदी हसले!"

बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं चमकत होती. धाकटीने मास्क खाली केला.

"मान खाली घालावी लागली का, दाजी?"

त्याने आता कुठे तिच्याकडे नीट पाहिलं. "तू? मुद्दाम केलंस?"

"अगदी मुद्दाम."

मालकीणबाईंनी तिला उभ्या उभ्या कामावरून काढलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. ओरखडेही कायमचे नव्हते. कुठल्याही बऱ्या कारागिराने ते उतरवले असते. तरी घरी जाताना तिला पिसासारखं हलकं वाटत होतं.

ताई मात्र भडकली. "हातचं काम घालवलंस! कुणी सांगितलं होतं तुला?" ती तरातरा आतल्या खोलीत गेली आणि दार आपटलं. धाकटी गुपचूप भांडी विसळायला लागली.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं.

"सासरा नक्की काय म्हणाला?"

धाकटीने सांगितलं.

"आणि हा?"

"हा काय, घामाघूम."

ताई खुर्ची ओढून बसली. "असं तुटक नको," ती म्हणाली. "नीट, सावकाश सांग."