आंबलेलं पाणी

मी वडिवळ्याच्या शिवारातली, ओढ्याकाठची विहीर बोलतेय. हल्ली बोलायचं म्हटलं तरी थकायला होतं, म्हणून सावकाश सांगते.

मला भिकाजीनं खणलं. गावच्या पाणवठ्यावर त्याच्या माणसांना कुणी वरून ओतेल तेव्हाच पाणी मिळायचं. बौद्ध झाल्यावर त्यानं ठरवलं, आपलं पाणी आपण काढायचं. दोन उन्हाळे नवराबायको कातळ फोडत होती.

पुढं त्याची सून शालन माझ्या पाण्यावर वांगी, मेथी पिकवायची आणि कामशेतच्या बाजारात विकायची. तिचा मुलगा प्रदीप माझ्यातच पोहायला शिकला.

मग ओढ्याच्या वरच्या अंगाला बटाट्याच्या वेफर्सचा कारखाना आला. प्रदीपला तिथं नोकरी लागली, तेव्हा मलाही बरं वाटलं. पण बटाटे धुतलेलं पिठूळ पाणी ओढ्यात सुटू लागलं. आधी खेकडे गेले. मग ते पाणी झिरपत माझ्यात उतरलं आणि मी आंबले. मासे पोट वर करून तरंगले. म्हशीनं तोंड लावलं नाही. शालनचा मळा वाळला, घरात पाण्याचे जार आले.

माणसं काठावर यायची, वाकून बघायची, नाक दाबून परत जायची. काहींनी तर वेफर्सची रिकामी पाकिटंही माझ्यातच टाकली. मी काय बोलणार?

एकदा कामावरून येणाऱ्या प्रदीपला शालननं काठावरच गाठलं.

"पाणी साफ करायचं मशीन हाय म्हनतोस ना तितं?"

"हाय. पण लाईटबिल लय येतं म्हनून बंद ठेवत्यात. तपासणीला साहेब आले की तेवढ्यापुरतं चालू करायचं."

"चालू कोन करतं?"

प्रदीप खाली बघत म्हणाला, "मीच."

शालन रिकामी कळशी उचलून घरी गेली.

पुढच्या तपासणीला साहेब आले, तेव्हा प्रदीपनं मशीन चालू केलंच नाही. "रोज असंच असतं, साहेब," एवढंच म्हणाला.

कारखाना काही काळ बंद पडला. ज्यांची मजुरी बुडाली, त्यांनी शालनशी बोलणं टाकलं. प्रदीपची नोकरी गेली. आता तो तळेगावला दुसरीकडं जातो. कारखाना पुन्हा सुरू झालाय, पण मशीन रोज चालतं आणि पाण्यातून निघालेला चोथा गुरांच्या खाद्याला जातो. हे आधीही करता आलं असतं.

माझे निम्मे झरे बुजलेत. बाबांनो, खाण्यापिण्याचे कारखाने काढा, पोरांच्या हाताला काम द्या. पण धुतलेलं पाणी कुठं सोडताय, तिथं कोण राहतं, हे आधी बघत जा. एकदा नासल्यावर मला बरं होणं जमत नाही हो लवकर.

रविवारी मायलेक इंजिन लावून पाणी उपसतात, गाळ काढतात. परवा शालननं नव्या पाझराचं पाणी हातात घेतलं, हुंगलं आणि सांडून दिलं.

"अजून न्हाई," ती म्हणाली, आणि पुन्हा पाटी भरू लागली.