चित्रं गाळायची ठरली तेव्हा

मोठीबाईंच्या जेवणाच्या टेबलावर तीन दिवस कुणी जेवलं नव्हतं. तिथे सुनेने वायरींचा पसारा मांडला होता. सून, शाळेचे विज्ञानाचे मास्तर आणि गल्लीच्या टोकाचा वायरमन, अशी तिघं शाळेचं भलं करायला निघाली होती. पगार नाही, भत्ता नाही, आणि चहा मोठीबाईंचा.

बेत असा होता. शाळेत बारा जुने कॉम्प्युटर होते, पण शाळा टेकडीमागे, तिथे इंटरनेट पोचत नव्हतं, म्हणून पोरं त्यांवर नुसते पत्ते खेळायची. तर जगात फुकट मिळणारे धडे, ज्ञानकोश, नकाशे इथे घरीच उतरवून घ्यायचे आणि त्या यंत्रांच्या पोटात भरायचे. सगळं जग या हार्ड डिस्कमध्ये आहे, असं मास्तरांनी काडेपेटीएवढी डबी दाखवून सांगितलं, तेव्हा मोठीबाई म्हणाल्या होत्या की आमच्या घरात सहा कपाटं आहेत, तरी सुनेला एक चादर सापडत नाही.

त्या दुपारी मात्र सुनेने त्यांना आपली खुर्ची दिली आणि म्हणाली, काहीही विचारा.

मोठीबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती. रोज सकाळी पेपर उघडून त्या अशा रुबाबात बसायच्या की चौदा वर्षांत सुनेलाही शंका आली नव्हती. काहीतरी खोचक विचारून मास्तरांची जिरवायची, असं त्यांच्या मनात होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"काळजाची झडप म्हणजे काय असतं?"

त्यांचे यजमान त्या झडपेपायी गेले होते. ती नीट मिटत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि मोठीबाईंनी कळल्यासारखी मान हलवली. विचारणं कमीपणाचं वाटलं. त्याला एकोणीस वर्षं झाली.

सुनेने चार अक्षरं दाबली. पडद्यावर हृदय आलं, हलणारं. तीन पातळ पाकळ्या उघडल्या, रक्त पुढे गेलं, पाकळ्या मिटल्या. शेजारी आजारी हृदय होतं. त्याच्या पाकळ्या जाड, अर्धवट मिटणाऱ्या, आणि दर ठोक्याला थोडं रक्त मागे फिरत होतं.

मोठीबाई गप्प झाल्या. त्या घरात ही गोष्ट इतकी नवी होती की वायरमनने हातातली पकड हळूच खाली ठेवली. दिवसाला लाखभर वेळा उघडमीट होते म्हणे, सून सांगत होती. पाठीवर पोती वाहणारा त्यांचा धिप्पाड नवरा एवढ्याशा पाकळ्यांच्या भरवशावर चालत होता, आणि त्या थकल्या तरी मिटायला बघत होत्या. मोठीबाईंच्या अंगावर काटा आला. देवळात आला नव्हता असा.

"हे पोरांना दिसेल ना?" त्यांनी विचारलं.

तिघं एकमेकांकडे बघायला लागली. दिसणार नव्हतं. शाळेच्या यंत्रांत जागा थोडी, म्हणून चित्रं गाळून नुसता मजकूर ठेवायचं सकाळीच ठरलं होतं. यादी आज पक्की व्हायची होती, उद्या भरायला सुरुवात. महत्त्वाचा तो मजकूरच, असं मास्तरांनी समजावलं.

"वाचता येणाऱ्यांनीच बसून ठरवलंत," मोठीबाई म्हणाल्या. "त्या चित्राखालचं मला वाचता आलं नाही. चित्र हललं म्हणून कळलं."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. मोठीबाईंनी हनुवटी वर केली, कुणी कीव करायच्या आत.

मास्तर हळू आवाजात म्हणाले की चित्रांसकट सगळं एका यंत्रात मावत नाही, त्याला काय करणार.

"एकात कशाला मावायला हवं? माझ्या फळीवर बारा डबे आहेत. प्रत्येकात पीठ, मीठ, साखर सगळंच कोंबते का मी? एकात शरीर भरा, एकात आकाश, एकात झाडं."

"पण काकू," मास्तर म्हणाले, "मुलांना उठून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जावं लागेल."

"जातील की. जागेवर बसवून मुळं फुटवायचीत का त्यांना?"

आधी वायरमन हसला. मास्तरांनी बोटांवर हिशोब केला, मग कागदावर केला, आणि मावतंय असं जरा ओशाळूनच सांगितलं. सुनेने जुनी यादी फाडली. पहिल्या यंत्रात शरीर, असं वर लिहून ती पुढच्या कामासाठी पडदा बदलायला निघाली, तेव्हा मोठीबाईंनी तिचा हात धरला.

"आता ते खालचं वाच. सावकाश. कळलं नाही की मी थांबवीन."

सून वाचू लागली. तिसऱ्याच वाक्याला मोठीबाईंनी तिला थांबवलं.