दुसऱ्या टप्प्याचे दिवे

परवा संध्याकाळी मैदानावरच्या दिव्याच्या खांबाने कामिनीला विजेचा झटका दिला, आणि तेव्हापासून तिला त्या खांबाची धास्ती बसली.

हिंगण्याच्या रस्त्यालगतच्या त्यांच्या वस्तीने पोरांसाठी फुटबॉलचं मैदान टप्प्याटप्प्याने बांधायला घेतलं होतं. पहिल्या टप्प्यात बाभळी काढून मुरूम पसरला, गोलपोस्ट उभे केले. दुसऱ्यात लोखंडी खांबांवर मोठे दिवे आले, कारण नागपूरच्या उन्हात दिवसा खेळायला डोकं फिरलेलंच असावं लागतं. तिसऱ्यात मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि संडास व्हायचा होता. सध्या मैत्रिणी ओढण्या धरत आणि आडोशाला एकेक मुलगी कपडे बदलून घेई. त्या खोलीपायी कामिनीने समितीतल्या पुरुषांचं डोकं किती खाल्लं होतं, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

खांबांची अर्थिंग, म्हणजे खांबात उतरलेला करंट जमिनीत सोडणारी तार, मात्र तिसऱ्या टप्प्यात ढकलली होती. खोलीच्या पायासाठी खोदायचंच आहे, तर दोनदा कशाला खोदा, असा समितीचा शहाणपणा. तोवर काय होतंय!

धूळ बसावी म्हणून रोज मैदानावर पाणी मारायचं काम कामिनीकडे होतं. चिखलात चप्पल रुतते म्हणून ती अनवाणीच असे. परवा दिवे लावून बघत असताना पाइप ओढता ओढता तिचा हात खांबाला लागला आणि खांद्यापर्यंत सणक गेली. समितीचे अध्यक्ष बापूजी, निवृत्त मास्तर, लगोलग आले. त्यांनी खांबावर तळहात ठेवला, खांब थोपटला आणि हसले. काहीच नव्हतं. तुला भास झाला, म्हणाले. मग आवाज उतरवून त्यांनी बजावलं की दिव्यांच्या उद्घाटनाला शहरातल्या सदर भागातून देणगी देणारे पाहुणे येताहेत, करंटची गोष्ट त्यांच्या कानावर गेली तर तिसरा टप्पा विसरायचा.

कामिनी गप्प बसली. एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारी बाई, पण तिसरा टप्पा म्हणजे मुलींची खोली, म्हणून झटक्याचं ती कुणाला बोलली नाही. भीती मात्र गप्प बसेना. उद्घाटनाच्या दिवशी तिने आपल्या नूपुरला, मुलींच्या संघाच्या कप्तानाला, ताप आहे म्हणून घरात ठेवलं. पोरीचं अंग थंडगार होतं. ती रडली, भांडली. कामिनीने बाहेरून कडी घातली आणि मैदानावर पाणी मारायला गेली.

दिवे लागले तशा टाळ्या पडल्या. ओला मुरूम चकाकत होता. कामिनी तारेच्या कुंपणाला पाठ टेकून उभी राहिली, आणि लवकर आटपू दे एवढंच मनात घोकत राहिली. त्याच खांबाच्या पायथ्याशी टेबलावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा मांडली होती. वंदनेसाठी सगळ्यांनी पादत्राणं काढली. बापूजींनीही जाड रबरी तळाचे काळे बूट काढून बाजूला ठेवले.

कामिनीची नजर त्या बुटांवर खिळली. परवा खांब थोपटताना तेच बूट बापूजींच्या पायात होते. रबराने करंट अडवला होता; भास तिला झाला नव्हता.

वंदना संपली. बापूजींनी झेंडूची माळ उचलली. ती कप्तानाने खांबाला बांधायची होती. कप्तान नाही म्हटल्यावर त्यांनी श्वेताला हाक मारली. श्वेता म्हणजे शेजारच्या प्रेमिलाची मुलगी, नूपुरच्या ताटात जेवून मोठी झालेली. माळ घेऊन ती ओल्या मुरुमावरून उघड्या पायांनी निघाली.

कामिनीला ओरडायचं होतं, पण समोर पाहुणे बसले होते. पोरगी खांबाजवळ पोचली, तिने हात वर केला, तेव्हा कुठे आवाज फुटला.

“श्वेता, खांबाले हात लावू नको!”

श्वेता जागीच थिजली. सगळ्यांच्या माना वळल्या. बापूजींनी पाहुण्यांकडे बघत ओशाळं हसू आणलं, श्वेताच्या हातून माळ घेतली आणि स्वतःच पुढे झाले. कामिनी धावत जाऊन त्यांच्या आणि खांबाच्या मध्ये उभी राहिली.

“बापूजी, परवा तुमच्या पायात बूट होते. आज पाय उघडे आहेत.”

बापूजींनी खाली आपल्या ओल्या पावलांकडे पाहिलं. पुढे केलेला हात त्यांनी हळूच मागे घेतला. दिव्यांचं बघणारा धम्मानंद चपला चढवून टेस्टर घेऊन आला. त्याने तो खांबाला लावला आणि टेस्टरमधला बारका दिवा लागला. धम्मानंदने पळत जाऊन मेन स्विच पाडला.

संधिप्रकाशात प्रेमिला आली. तिने श्वेताला घट्ट पोटाशी धरलं होतं. आता ही आपल्या गळ्यात पडून रडेल, असं कामिनीला वाटलं. प्रेमिला रडली नाही.

“नूपुरले ताप नाही ना वं?”

कामिनीची मान खाली गेली.

“तुले माहीत होतं,” प्रेमिला म्हणाली. “मंग माह्या पोरीले काहून येऊ देलं?”

कामिनीने बोलायला तोंड उघडलं. बापूजींचं नाव ओठांवर आलं, खोलीचं आलं, आणि दोन्ही तिथेच राहिली. श्वेता आईच्या कुशीतून तिच्याकडे टक लावून पाहत होती. खांबाची वाटली नव्हती एवढी भीती कामिनीला त्या पोरीच्या डोळ्यांची वाटली.