बिटाचा केक आणि टिंडारीचं मतदान

मेंढ्या कातरणाऱ्या माणसांना मटण वातड मिळालं तर ती एक वेळ खपवून घेतील, पण चहाबरोबरचा केक बिघडलेला खपवून घेत नाहीत. सकाळी साडेनऊला शेडमधली कातरणीची यंत्रं थांबतात. त्या सुट्टीला सगळे स्मोको म्हणतात. त्या वेळी किटलीशेजारी केकचा ट्रे नसला, किंवा असून खाण्यासारखा नसला, तर आचाऱ्याचं काही खरं नाही. टोळी मतदान घेते आणि आचाऱ्याला घरची वाट दाखवते. ऑस्ट्रेलियात डार्लिंग नदीच्या पलीकडे सरकारला फारसं कोणी भीक घालत नाही, पण हे मतदान सगळे मानतात.

लॉरेलला हे सगळं पाठ होतं. तिचा नवरा क्लाइव्ह लग्नाआधीपासून मेंढ्या कातरत होता. तरीही या मोसमात तिनं टिंडारी नावाच्या मेंढ्यांच्या फार्मवर, तिथल्या शेडवर आचारणीचं काम धरलं, आणि पहिल्या दिवसापासून केकमध्ये ना लोणी घातलं, ना दूध, ना अंडं. घातला तो लाल भोपळा, नाहीतर गाजर, झुकिनी, रताळं, बीट, जे हाताला येईल ते.

हौस म्हणून नव्हे. मागच्या हिवाळ्यात क्लाइव्हच्या छातीत कळ आली होती. डॉक्टरांनी दोन स्टेंट बसवले आणि बजावलं की लोणी, साय, बलक हे आता विसरायचं, साखरही बेतानं, कामही बेतानं. क्लाइव्हनं मान डोलावली. मान डोलवायला त्याचं काय जातं? घरी आला आणि आठवड्याच्या आत समोरच्या बेकरीत जाऊन मटण भरलेल्या पेस्ट्र्या हाणू लागला. शर्टावर चुरा घेऊन परत यायचा आणि वर विचारायचा, जेवायला काय आहे. मोसम लागला तसं त्यानं सामान बांधलं.

"हेडलीला मी हर्निया सांगितलाय," तो म्हणाला. हेडली म्हणजे टोळीचा मुकादम. "हृदयाचं कळलं तर तो मला यंत्राला हात लावू देणार नाही. तू तोंड उघडू नकोस."

लॉरेल भांडली, रडली, दोन दिवस बोललीसुद्धा नाही. दगडावर पाणी. मग तिनं हेडलीला फोन लावला आणि विचारलं, आचारी मिळाला का.

जेवणाचं तिला सोपं गेलं. ताटं तीच वाढायची, त्यामुळे क्लाइव्हच्या ताटात चरबी काढलेला तुकडा आणि दुप्पट कोबी जायचा. पण केकचा ट्रे सगळ्यांसमोर ठेवला जायचा. त्यात 'हा क्लाइव्हचा वेगळा' म्हटलं असतं तर दुपारच्या आत बिंग फुटलं असतं. तेव्हा एकाचं पथ्य ते सगळ्या टोळीचं पथ्य.

कृती तिला शिकवली टेगननं, बहिणीच्या मुलीनं. टेगन जनावराचं काहीच खात नसे, मधसुद्धा नाही, आणि दर नाताळात क्लाइव्ह तिला ताटभर काकड्या वाढून 'चर आता' म्हणायचा. त्याच क्लाइव्हसाठी पोरगी फोनवर तासभर बोलत बसली. कडू बोलली नाही हा तिचा मोठेपणा. लॉरेलचा पहिला भोपळ्याचा केक विटेसारखा झाला. दारातल्या कुत्र्यानंही तो हुंगून सोडून दिला. हळूहळू तिला जमलं. झुकिनी किसली की पिळून घ्यायची. रताळं वाफवून घातलं की साखर निम्म्यावर येते. बीट बारीक किसून कोकोत मिसळलं की वास मरतो, रंग लपतो आणि केक दोन दिवस ओलसर राहतो.

टोळीनं ट्रे पुसून खाल्ले. लोकरीचे गठ्ठे दाबून बांधणारा डार्सी म्हणून होता, दारातून तिरका शिरावा लागणारा गडी, तो तर चॉकलेट केकच्या दिवशी खिशात दोन तुकडे जादा घालून जायचा. क्लाइव्हला सगळं माहीत होतं. शेडमध्ये तो मुकाट खायचा आणि खोलीवर आला की तोंड सोडायचा.

"मेंढरांच्या अंगावरची लोकर मी काढायची आणि मेंढरांचं जेवणही मीच जेवायचं. हे तुझं खूळ कधी उतरणार?"

"तू मेलास की उतरेल," लॉरेल म्हणायची आणि दिवा मालवायची. बोलून झाल्यावर तिला स्वतःच्याच जिभेची भीती वाटायची.

दुसऱ्या आठवड्यात गावाहून बिटाचं पोतं आलं आणि तीन दिवस चॉकलेट केक झाला. चौथ्या दिवशी सकाळी डार्सी संडासातून बाहेर आला तो भिंत धरूनच. शेडच्या पायरीवर बसला. एवढा मोठा देह, पण चेहरा पिठासारखा झाला होता.

"रक्त जातंय," तो म्हणाला. "लाल भडक. काल तो गठ्ठा ढकलताना कमरेत काहीतरी तुटलं होतं. मूत्रपिंडच गेलं असणार."

यंत्रं थांबली. हेडलीनं गाडी काढायला सांगितली. इस्पितळ तीन तासांवर, रस्ता धड नाही. म्हातारा मर्व्ह, टोळीतला सगळ्यात जुना गडी, डार्सीच्या पाठीवर हात फिरवत बसला. डार्सी आईचा फोन नंबर सांगू लागला, आणि सांगता सांगता रडू लागला.

लॉरेल किटली घेऊन दारात उभी होती. रक्त नव्हतं ते. पहिल्यांदा बिटाचा केक खाल्ल्यावर तिचीही लघवी अशीच लाल झाली होती आणि टेगन फोनवर पोट धरधरून हसली होती. गप्प बसली असती तरी चाललं असतं. डॉक्टरांनी तपासून परत पाठवला असता आणि कोणाला काही कळलं नसतं. पण माणूस मरणाच्या भीतीनं आईला हाक मारतोय आणि आपण अळीमिळी गुपचिळी करून उभं राहायचं, हे तिच्यानं होईना.

"डार्सी, तुला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "बीट आहे ते."

"गेल्या आठवड्यापासून मी बिटाला तोंड लावलेलं नाही, बाई."

"लावलंयस. केकमध्ये होतं."

शेडमध्ये कुणीतरी खुदकन हसलं आणि मग कुणीच हसलं नाही. हेडलीनं गाडीची किल्ली खिशात घातली.

"आणखी काय काय घातलंयस?" मर्व्हनं विचारलं.

लॉरेलनं सांगून टाकलं. भोपळा, गाजर, रताळं, झुकिनी. लोणी नाही, अंडं नाही, दूध नाही. सांगताना ती फक्त क्लाइव्हकडे बघत होती. क्लाइव्ह आपल्या कपातल्या चहाकडे बघत होता.

"कशासाठी पण?" डार्सीनं डोळे पुसत विचारलं. आता त्याला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती आणि लाजेचा राग झाला होता. "जेवणाचे पैसे आमच्या पगारातून जातात. आम्ही लोण्याचे द्यायचे आणि तू आम्हाला बीट चारायचंस? मुकादमाची बचत करून देतेस होय?"

"तसं नाही."

"मग कसं?"

ती परत क्लाइव्हकडे बघू लागली. त्यानं मान वर केली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला त्याचा राग पुष्कळदा आला होता, पण कीव पहिल्यांदाच आली, आणि ती रागापेक्षा वाईट लागली. "तसंच आहे मग," ती म्हणाली आणि किटली खाली ठेवली.

संध्याकाळी जेवणघरात मतदान झालं. टिंडारीला कागद वापरत नाहीत. प्रत्येकाला लोकरीचे दोन पुंजके मिळतात, एक पांढरा, एक काळ्या मेंढीचा. पांढरा म्हणजे आचारी राहू दे, काळा म्हणजे जाऊ दे. मूठ झाकून पिशवीत घालायची. टोळीचा प्रतिनिधी पिशवी धरतो, पुंजके मोजतो, आणि मतं सारखी पडली तरच आपलं घालतो. या मोसमात प्रतिनिधी क्लाइव्हच होता. नवऱ्यानं पिशवी धरावी का यावर थोडी कुरकुर झाली, पण रीत ती रीत.

लॉरेल आत भांडी घासत होती. दार उघडं होतं. हातातलं पातेलं कधीच स्वच्छ झालं होतं तरी ती ते घासत होती. ती गेली तर उद्या नवा आचारी येईल, डुकराच्या चरबीत अंडी तळेल, क्रीमचे केक करेल आणि क्लाइव्ह ते आनंदानं खाईल. मोसम संपायच्या आत त्याला मातीत घालावं लागेल. असं तिला अगदी साफ दिसत होतं.

क्लाइव्हनं पिशवी टेबलावर उलटी केली.

"चार पांढरे, चार काळे," तो म्हणाला.

"मग तुझं टाक," मर्व्ह म्हणाला. "पांढराच टाक बाबा. रात्री तिच्याच खोलीत झोपायचंय तुला."

सगळे हसले. डार्सीसुद्धा हसला. क्लाइव्हच्या तळहातावर दोन्ही पुंजके होते. बराच वेळ तो ते बोटांनी कुस्करत राहिला. मग त्यानं दोन्ही टेबलावर ठेवून दिले.

"माझं मत धरू नका," तो म्हणाला. "ते केक माझ्यासाठी होते. मला हर्निया झालेला नाही. माझं हृदय खराब आहे, दोन स्टेंट घातलेत. ती इथं आली ती मला जगवायला. सकाळी तुम्ही तिला बोललात तेव्हा मी गप्प बसलो, कारण मला ही जागा सोडायची नव्हती."

आत पातेलं खाली पडलं, पण तिकडे कुणी पाहिलं नाही.

हेडली उठला. वाईट माणूस नव्हता तो. "क्लाइव्ह, उद्यापासून तू कातरायचं नाहीस," तो म्हणाला. "माझ्या शेडमध्ये माणूस पडला तर मी काय करू? घरी जा. डॉक्टरची चिठ्ठी आणलीस तर पुढच्या मोसमात बघू."

मर्व्हनं पुंजके परत वाटले आणि पिशवी दुसऱ्यांदा फिरली. या खेपेला आठही पांढरे निघाले. डार्सी स्वयंपाकघराच्या दारात आला, तिरका होऊन आत शिरला आणि म्हणाला, "बाई, उद्या तोच कर. चॉकलेटचा. आता मला कळलंय, मी घाबरणार नाही."

असा तिचा विजय झाला. ज्या एका माणसासाठी ती त्या धुळीत येऊन राहिली होती, तो सकाळी घरी निघाला, आणि ज्या आठ जणांच्या हृदयांना काही धाड भरली नव्हती, त्यांना पथ्याचं खाऊ घालायला ती मोसमभर अडकली. काम अर्ध्यात टाकलं तर टोळी उपाशी राहील, आणि पुढं तिला कुणी दारात उभं करणार नाही.

क्लाइव्ह गाडीत बसला होता. लॉरेल खिडकीपाशी उभी राहिली. कालपासून ती त्याच्याशी धड बोलली नव्हती.

"घरी गेलास की बेकरीत जाणार," ती म्हणाली. "मला माहीत आहे. मी इथं असणार, तुला कोण बघणार? जा बाबा. मी थकले आता."

क्लाइव्हनं गाडी सुरू केली नाही.

"एका अंड्याच्या जागी भोपळा किती?" त्यानं विचारलं.

तिला वाटलं, चेष्टा करतोय. त्याच्या तोंडाकडे तिनं नीट पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. घाबरलेला होता, आणि ते लपवत नव्हता.

"पाव वाटी," ती म्हणाली. "वाफवून, घोटून. पाणी काढून टाकायचं."

"मग?"

"मग तेल, साखर, पीठ. सोडा शेवटी. त्यावर व्हिनेगर घातलंस की लगेच ओव्हनमध्ये."

"सोडा आधी," तो पुटपुटला.

"शेवटी. शेवटी रे." तिला त्याला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या आणि त्याचं डोकं पोटाशी धरावंसंही वाटत होतं. तिनं खिडकीची काच धरून ठेवली.

क्लाइव्हनं कधी चहासुद्धा स्वतः केला नव्हता. तो बोटांवर मोजत एकेक वस्तू म्हणू लागला, तेलापाशी अडखळला आणि थांबला.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "सावकाश."

तिनं पहिल्यापासून सांगितलं.